‘७/१२’ नावाचा फोल्डर का बनत नाही?

घरच्या संगणकातल्या फोल्डरांना नावे देताना येणाऱ्या अडचणींबद्दलचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅक, अँड्रॉइड किंवा लिनक्सचा संबंध जिथे येतो तिथे तसे सांगितले आहे. छपाईत आम्ही अंक देवनागरीत घेतले आहेत. प्रत्यक्ष नावे देताना देवनागरी अंक वापरा किंवा इंग्रजी, पण घरात सगळ्यांनी एकच पद्धत धरा. संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी चिन्हे आहेत.

प्रश्न : शेतीचे उतारे स्कॅन करून ठेवायचे आहेत. ‘७/१२’ असे नाव दिले की संगणक नकार देतो. भाच्याच्या मॅकवर मात्र हेच नाव चालले. एकाने तशीच दिसणारी दुसरी तिरकी रेघ कुठून तरी कॉपी करून चिकटवायला सांगितले आहे. तसे करू का? (बार्शी)

नका करू. ‘सातबारा’ असे अक्षरी लिहा, प्रश्न कायमचा मिटेल.

फोल्डरचे नाव हा त्याच्या पत्त्याचा भाग असतो. विंडोजमध्ये ‘डी:\शेती\सातबारा’ अशा पत्त्यात एक फोल्डर संपून दुसरा कुठे सुरू होतो हे उलट्या तिरक्या रेघेने कळते, आणि सरळ तिरकी रेघही विंडोज त्याच कामासाठी धरते. ‘७/१२’ म्हटले की त्याचा अर्थ ‘७’ या फोल्डरातला ‘१२’ असा होऊ शकतो, म्हणून नावात ही रेघ घेतलीच जात नाही. अशी एकूण नऊ चिन्हे वर्ज्य आहेत : \ / : * ? " < > | यांतला तारा आणि प्रश्नचिन्ह ‘काहीही चालेल’ अशा अर्थाने फाइली शोधायला वापरतात. दोन कोन आणि उभी रेघ आज्ञांच्या ओळीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) माहिती इकडून तिकडे वळवतात. दुहेरी अवतरणात पत्ता गुंडाळला जातो. अपूर्णविराम (:) ड्राइव्हच्या अक्षरानंतर येतो.

मॅकचा फाइंडर (फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) तिरकी रेघ घेतो, कारण आत साठवताना तो तिच्या जागी अपूर्णविराम ठेवतो आणि दाखवताना पुन्हा रेघ दाखवतो. (म्हणूनच फाइंडरमध्ये अपूर्णविराम टाइप करता येत नाही.) तोच फोल्डर पेनड्राइव्हने किंवा नेटवर्कवरून विंडोजवर आला की रेघेच्या जागी भलतेच चिन्ह किंवा नुसता चौकोन दिसू शकतो. भाच्याकडून फोल्डर घ्यायचा असेल तर नाव त्याच्याच मॅकवर बदलून मग घ्या.

कॉपी करून चिकटवायची ती रेघ बहुधा अपूर्णांकाची किंवा भागाकाराची असते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना वेगवेगळे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ती स्वतंत्र चिन्हे आहेत, त्यामुळे विंडोज ती घेतेही. अडचण पुढे येते. सहा महिन्यांनी शोधपट्टीत तुम्ही ‘७/१२’ टाइप कराल तेव्हा कळफलकावरून नेहमीची रेघ उमटेल आणि फोल्डर सापडणार नाही. एखादी वेबसाइट अशा नावाची फाइल अपलोडही करून घेणार नाही.

गट क्रमांकातही हीच रेघ असते. ‘४५/२/अ’ हे ‘४५-२-अ’ असे आडव्या रेघेने लिहा. रचना ‘शेती’, आत गावाचे नाव, त्याच्या आत गट अशी पुरते. उतारे ठराविक मुदतीतले मागितले जातात, म्हणून फाइलच्या नावात उतारा काढल्याची तारीख हवीच : ‘सातबारा_४५-२-अ_२०२४-०६-१५’. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि महिना-दिवस दोन आकडी. नावाप्रमाणे क्रम लावला की उतारे आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘१५-०६-२०२४’ अशी उलटी तारीख लिहिली तर सगळ्या वर्षांतल्या पंधरा तारखा एकत्र येतात. आठ-अ साठी ‘८अ’ आणि फेरफारासाठी ‘फेरफार’ व त्याचा क्रमांक एवढे बस्स.

प्रश्न : ‘स्वत:ची कागदपत्रे’ हे नाव संगणक घेत नाही. यात तर वर्ज्य असे एकही चिन्ह नाही. (नागपूर)

आहे. ‘त’पुढे जे दिसते तो विसर्ग नाही, अपूर्णविराम आहे. कळफलकावर अपूर्णविराम समोर दिसतो आणि विसर्ग शोधावा लागतो, म्हणून मराठीत वर्षानुवर्षे ‘दु:ख’, ‘नि:शुल्क’, ‘अंत:करण’ असे अपूर्णविरामाने टाइप होत आले आहे. कागदावर ते खपून जाते, फोल्डरच्या नावात खपत नाही. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट धरून उणे चिन्हाची कळ दाबली की खरा विसर्ग उमटतो.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. नोटपॅड उघडा, एक जागा सोडा आणि ते चिन्ह एकटेच टाइप करा. विसर्ग असेल तर त्याच्या आधी ठिपक्यांचे वर्तुळ दिसते, कारण विसर्गाला टेकायला अक्षर लागते. अपूर्णविराम असेल तर नुसते दोन टिंब दिसतात.

या बारीक फरकाने माहितीही जाऊ शकते. विंडोजमध्ये फोल्डर दाखवणारा फाइल एक्सप्लोरर चूक तिथेच अडवतो. पण आज्ञांच्या ओळीवरून किंवा एखाद्या छोट्या स्क्रिप्टने ‘दु:ख’ नावाची फाइल बनवली तर विंडोजच्या नेहमीच्या डिस्कवर वेगळेच घडते. ‘दु’ नावाची शून्य आकाराची फाइल दिसते आणि मजकूर तिच्या आड ‘ख’ नावाच्या अदृश्य प्रवाहात (फाइलीला जोडलेल्या लपलेल्या भागात) जाऊन बसतो. ती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली की हा प्रवाह मागेच राहतो, कारण पेनड्राइव्हच्या फॅट३२ किंवा एक्सफॅट रचनेत अशा प्रवाहांना जागाच नसते. तेव्हा शून्य आकाराची अनोळखी फाइल दिसली तर ती रिकामी समजून लगेच उडवू नका.

प्रश्न : मुलीच्या विद्यापीठाच्या पीआरएन (कायमस्वरूपी नोंदणी) क्रमांकाची कागदपत्रे ठेवायला रोमन अक्षरांत ‘पीआरएन’ असा फोल्डर करायचा आहे. ‘उपकरणाचे नाव चुकीचे आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. संगणकात व्हायरस शिरला आहे का? (पुणे)

व्हायरस नाही. हे नाव विंडोजने प्रिंटरसाठी राखून ठेवले आहे. १९८१ मध्ये आलेल्या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या) पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. तो १९८३ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत आला. तोवर प्रिंटर, पडदा, पोर्ट ही उपकरणे ठराविक नावांनीच हाक मारली की ‘ओ’ देत, कुठल्याही ड्राइव्हवरून. फोल्डर आले तेव्हा जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ती नावे प्रत्येक फोल्डरात राखीव ठेवली गेली आणि आजपर्यंत तशीच राहिली.

राखीव नावे अशी : पीआरएन, सीओएन, एयूएक्स, एनयूएल, शिवाय सीओएम आणि एलपीटी यांच्यापुढे १ ते ९ पैकी एक अंक. लहान लिपी असो वा मोठी, फरक पडत नाही. पुढे टिंब देऊन फाइलचा प्रकार लिहिला तरी विंडोज १० मध्ये ते नाव राखीवच धरले जाते. काही नव्या आवृत्त्यांत थोडी सूट मिळते, पण तिच्यावर विसंबू नका. फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जायचीच आहे. बांधकामाचा हिशेब ठेवणाऱ्यांना ‘सीओएन’ असे लघुरूप सुचते, त्यांचीही अडचण हीच.

उपाय सोपा आहे. बंदी फक्त त्या तीन-चार अक्षरांच्या अख्ख्या नावावर आहे. ‘पीआरएन-कार्ड’ किंवा ‘पीआरएन_पदवी’ असे रोमनमध्ये लिहिले तरी चालते. देवनागरीत नुसते ‘पीआरएन’ लिहिले तरी चालते, कारण राखीव आहेत ती रोमन अक्षरे.

प्रश्न : दोन शंका आहेत. ‘बी.ए.’ असे नाव दिले की शेवटचे टिंब आपोआप गळते. आणि नातेवाइकाच्या मॅकवरून आणलेला लग्नाच्या फोटोंचा एक फोल्डर दिसतो, पण उघडत नाही आणि डिलीटही होत नाही. (कोल्हापूर)

दोन्हींचे मूळ एकच आहे. नावाच्या शेवटी आलेले टिंब किंवा मोकळी जागा विंडोज न सांगता कापून टाकते. ‘बी.ए.’चे ‘बी.ए’ होते, ‘पावत्या इ.’चे ‘पावत्या इ’. मराठी लघुरूपे टिंबाने संपतात म्हणून आपल्याला हे वारंवार भेटते. ‘सौ. आईचे कागद’ मधले टिंब मध्ये आहे, त्याला धक्का लागत नाही.

मॅक आणि लिनक्स मात्र शेवटची जागा किंवा टिंब तसेच ठेवतात. नातेवाइकाने ‘लग्न’ टाइप करून चुकून स्पेसबार दाबला असणार. तो फोल्डर विंडोजवर आला की यादीत दिसतो. त्यावर क्लिक केले की विंडोज सवयीने शेवटची जागा कापते आणि ‘लग्न’ नावाचा फोल्डर शोधू लागते. तसा फोल्डर तिथे नाही, म्हणून ‘सापडत नाही’ असे सांगते. फोटो शाबूत आहेत, फक्त पत्ता जुळत नाही.

शक्य असेल तर ड्राइव्ह पुन्हा मॅकला लावा, फोल्डरवर एकदा क्लिक करून रिटर्न दाबा, कर्सर नावाच्या अगदी शेवटी नेऊन एकदा डिलीट दाबा. मॅक हाताशी नसेल तर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम टाका. त्याच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर निवडा, एफ२ दाबा आणि नवे नाव द्या. फोटो बाहेर काढून झाल्यावर उरलेला रिकामा फोल्डर हटत नसेल तर आज्ञांच्या ओळीत फोल्डर काढण्याची दोन अक्षरी आज्ञा (आर, डी) द्या आणि पुढे दुहेरी अवतरणात पत्ता लिहा. पत्त्याच्या आधी \\?\ ही चार चिन्हे जोडा आणि नावाच्या शेवटची मोकळी जागा अवतरणाच्या आत राहू द्या. ही चार चिन्हे विंडोजला ‘काटछाट न करता नाव जसेच्या तसे घे’ असे सांगतात. नुसती ही आज्ञा रिकामा फोल्डरच काढते, आत काही उरले असेल तर थांबते. म्हणून तिला आणखी कुठलाही पर्याय जोडू नका.

प्रश्न : ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर एकाच ठिकाणी दिसतात. नावात तसूभरही फरक नाही. एकाच नावाचे दोन फोल्डर होऊच शकत नाहीत ना? (सातारा)

नावे दिसायला एक आहेत, आतून वेगळी आहेत. आपल्या भाषेतला हा प्रश्न इंग्रजी मार्गदर्शिकांत फारसा सापडत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

‘ऱ्ह’ मधला अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. पहिला, मराठीसाठीचे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यावर हलन्त. दुसरा, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता (अक्षराखालचे टिंब), मग हलन्त. तिसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. तिन्हींतून पडद्यावर तोच अर्धचंद्रासारखा र उमटतो. विंडोज मात्र नावे डोळ्यांनी वाचत नाही, एकेक चिन्ह ताडून पाहते. तीन नावे वेगळी ठरतात आणि तीन फोल्डर शेजारी शेजारी बसू शकतात.

हे होते कसे? कळफलक बदलला की. एखाद्या साधनातून पहिला प्रकार उमटतो, जुन्या लिप्यंतर साधनांतून तिसरा, आणि वेबसाइटवरून नाव कॉपी केले तर तिथे जो असेल तो येतो. मॅकची जुनी डिस्करचना नाव साठवताना ‘ऱ’ फोडून ‘र’ अधिक नुक्ता असे लिहीत असे, म्हणून तशा मॅकवरून आलेल्या फोल्डरांत दुसरा प्रकार आढळतो.

तपासायचे असे. फोल्डरवर एफ२ दाबून नाव कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा, आणि शेवटी कर्सर ठेवून एकेकदा बॅकस्पेस दाबत, मोजत जा. पहिल्या प्रकारात ‘कऱ्हाड’ सहा वेळांत पूर्ण पुसले जाते : ड, काना, ह, हलन्त, ऱ, क. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात सात वेळा दाबावे लागते. तिसऱ्या प्रकारात मध्ये एकदा बॅकस्पेस दाबूनही काही अक्षर गेल्यासारखे वाटत नाही. तेव्हा पुसले गेले ते अदृश्य जोडचिन्ह.

एकत्र करताना घाई करू नका. तिसराच नवा फोल्डर करा आणि नेहमीच्या कळफलकावरून त्याला नाव द्या. आधी एका फोल्डरातला मजकूर त्यात हलवा, मग दुसऱ्याचा. त्याच नावाची फाइल आधीच आहे असे विचारले तर ‘दोन्ही ठेवा’ निवडा, ‘बदला’ निवडू नका. हे काम ड्राइव्ह मॅकला जोडण्याआधी उरका. पहिला आणि दुसरा प्रकार मॅकच्या लेखी एकच नाव आहे, त्यामुळे तिथे कॉपी करताना ‘आधीचा काढून हा ठेवू का’ असे विचारले जाते, आणि घाईत ‘हो’ म्हटले की एक फोल्डर गेला.

असेच दुसरे घोटाळ्याचे अक्षर ‘ॲ’. हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ टाइप करून त्यावर अर्धचंद्र देत, आणि काही साधने आजही तसेच देतात. ‘ॲडमिशन’ हे नाव दोन्ही रीतींनी तसेच दिसते, पण युनिकोड या दोन रूपांना समान धरत नाही, म्हणून प्रोग्राम ती सहसा आपणहून जुळवून घेत नाहीत. एका रूपाने शोधले की दुसऱ्या रूपातला फोल्डर सहसा सापडत नाही. आमचा सल्ला असा : फोल्डरच्या नावापुरते तरी ‘प्रवेश’, ‘कराड’, ‘अर्ज’ असे साधे शब्द निवडा. मराठी नावे टाळायची मुळीच गरज नाही. घरातल्या थोरांना वाचता येणारा फोल्डर हीच खरी सोय आहे. टाळायची ती एवढी दोन-तीन अक्षरे. ‘सातबाऱ्याचे कागद’ ऐवजी ‘सातबारा कागद’ लिहिले तरी काम भागते.

प्रश्न : जुन्या संगणकातले फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करताना ‘पत्ता फार लांब’ असा अडथळा येतो. नावे तर चार-पाच अक्षरांचीच आहेत. (ठाणे)

आपण अक्षरे मोजतो, संगणक चिन्हे मोजतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरांची वाटते, संगणकाला ती अकरा चिन्हांची : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. ‘कौटुंबिक छायाचित्रे’ मधल्या जागेसकट १९ होते. ‘फोटो’ फक्त ४.

विंडोजची जुनी मर्यादा २६० चिन्हांची, तीही पूर्ण पत्त्याची : ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या प्रकारापर्यंत. शेवटची एक खूण धरली की वापरायला २५९ उरतात. फोल्डर बनवताना हिशेब आणखी घट्ट, २४७ चिन्हांचा, कारण आत किमान एक छोटी फाइल मावावी म्हणून बारा चिन्हांची जागा राखलेली असते. २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवण्याची सेटिंग आली, पण ती फक्त तिच्यासाठी बनवलेल्या प्रोग्रामांना लागू पडते. ज्यातून आपण कॉपी करतो त्या फाइल एक्सप्लोररला तिचा उपयोग होत नाही.

मूळ जागी सगळे ठीक होते, मग कॉपी करतानाच का अडले? कारण आता त्याच्या आधी ‘जुन्या संगणकाचा बॅकअप\डेस्कटॉप\नवीन फोल्डर’ अशी भर पडली. दुसरे कारण जास्त फसवे आहे. वरच्या फोल्डरचे नाव वाढवताना विंडोज फक्त त्याच फोल्डरचा पत्ता मोजते, आत खोलवरच्या फाइलींचा नाही. नाव बदलते, आणि आतल्या फाइली मर्यादेबाहेर जाऊन उघडेनाशा होतात. फाइल खराब झाली असे वाटते, पण वरचे नाव परत आखूड केले की ती उघडते.

म्हणून कात्री वरून लावा. डिस्कवर सगळ्यात वर ‘जुना’ असा एकच फोल्डर ठेवा आणि त्यात कॉपी करा. सर्वात वरची दोन-तीन नावे आखूड असली की खाली लांब नावांना जागा राहते. वर्ष, कार्यक्रम, गाव यांसाठी तीन वेगळे थर करण्यापेक्षा ‘२०१९-०५ मुंज नाशिक’ असा एकच थर पुरतो.

अँड्रॉइड फोन किंवा लिनक्सवर चालणारी घरची साठवणपेटी असेल तर आणखी एक हिशेब. तिथे एका नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हे. विंडोजवर शंभर चिन्हांचे नाव चालते, तिथे नाकारले जाते. एका नावात देवनागरीची साठ चिन्हे ओलांडायची नाहीत असे ठरवले तर सहसा कुठे अडत नाही.

प्रश्न : आई-वडिलांची कागदपत्रे ठेवायला पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक असे फोल्डरचे नाव दिले आहे, म्हणजे लगेच सापडते. झिप करून पासवर्डही घातला आहे. हे सुरक्षित आहे ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. कृपया आजच बदला.

ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड ठरलेला असतो : नावाची पहिली चार रोमन अक्षरे मोठ्या लिपीत आणि जन्माचे वर्ष. तुमच्या फोल्डरच्या नावात दोन्ही लिहिलेले आहे. कुलूप लावून किल्ली त्याच दाराला अडकवल्यासारखे झाले. पासवर्डच्या झिपनेही नाव झाकले जात नाही. नेहमीच्या झिपमध्ये फाइलींचा मजकूर कुलूपबंद होतो, पण आतल्या फोल्डरांची आणि फाइलींची नावे पासवर्डाशिवाय कुणालाही वाचता येतात. पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला की नावांची यादी तिथल्या पडद्यावर सगळ्यांसमोर असते.

नाव ‘आई_ओळखपत्रे’ एवढेच ठेवा. क्रमांकाची खूण हवीच असेल तर शेवटचे चार अंक पुरेत. खाते क्रमांक, पॅन, जन्मतारीख, फोन यांतले काहीही नावात नको. झिपऐवजी सेव्हन-झिपचा स्वतःचा सेव्हन-झेड प्रकार निवडला आणि पासवर्डखालच्या ‘फाइलींची नावेही गुप्त ठेवा’ या अर्थाच्या चौकटीत खूण केली, तर नावेसुद्धा झाकली जातात. प्रिंट काढायची असेल तर रिकाम्या पेनड्राइव्हवर तेवढी एकच फाइल घेऊन जा.

नावाच्या शेवटी महिरपी कंसात लांबलचक सांकेतिक क्रमांक जोडून फोल्डर ‘लॉक’ करण्याची युक्ती फिरते, तिच्यावरही भरवसा ठेवू नका. त्या क्रमांकामुळे विंडोज त्या जागी कंट्रोल पॅनेलसारखे काहीतरी दाखवते, एवढेच. आतल्या फाइली उघड्याच असतात.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर खात्याचे नाव ‘आई’ असे मराठीत दिले. आता एक जुना प्रोग्राम बसत नाही. वापरकर्त्याच्या फोल्डरचे नाव बदलून टाकू का? (डोंबिवली)

हाताने बदलू नका. विंडोजच्या नोंदवहीत (रजिस्ट्रीत) जुना पत्ताच राहतो, पुढच्या वेळी तुमचा फोल्डर सापडत नाही आणि तुम्हाला तात्पुरत्या, रिकाम्या खात्यात उतरवले जाते.

प्रोग्राम अडतो कारण तो बसताना ज्या तात्पुरत्या जागेत फाइली उलगडतो ती याच फोल्डरच्या आत असते, आणि युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रामला ‘आई’ असलेला पत्ता वाचता येत नाही. ही एक जागा अशी आहे की तिथे आम्ही रोमन अक्षरेच सुचवतो : छोटे नाव, मध्ये मोकळी जागा नाही. सेटिंगमधून नवे स्थानिक खाते तशा नावाने उघडा, त्यात प्रवेश करा, फाइली हलवा, आणि जुने खाते महिनाभर तसेच ठेवून मग काढा. त्यानंतर खात्याचे दिसणारे नाव खुशाल ‘आई’ करा. दिसणारे नाव बदलले तरी फोल्डर पहिल्या नावाचाच राहतो, त्यामुळे पडद्यावर मराठी दिसेल आणि प्रोग्रामही चालेल.

प्रश्न : पेनड्राइव्हवर अभंगांचे फोल्डर केले आहेत. गाडीच्या स्टिरिओवर नावांऐवजी चौकोन दिसतात आणि क्रमही भलताच लागतो. (पंढरपूर)

चौकोन दिसतात कारण त्या स्टिरिओत देवनागरी फाँट नाही. फाइली शाबूत आहेत. गाडीपुरती वेगळी प्रत करा आणि तिच्यात नावे रोमन अक्षरांत द्या, घरची प्रत मराठीतच राहू द्या.

क्रमासाठी नावाच्या आधी दोन आकडी अंक घाला : ०१, ०२ … १०. एक आकडी अंक दिले तर बरीच यंत्रे १ नंतर १० घेतात आणि मग २. एवढे करूनही क्रम चुकला तर तो स्टिरिओ नावे पाहतच नाही, पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतो. तेव्हा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये नव्याने फॉरमॅट करा (आधी त्यावरचे सगळे दुसरीकडे काढून घ्या) आणि फोल्डर एकेक करून, हव्या त्या क्रमाने कॉपी करा. आधीचा पूर्ण झाल्यावरच पुढचा.